तुटलेल्या तंतूंचा रक्तातला माग

वयस्कर माणूस चालत असतो. आपण काही विचारतो आणि उत्तर द्यायला तो थबकतो. चालणं आणि बोलणं एका वेळी जमेनासं झालेलं असतं. पावलं आखूड पडतात, साध्या हिशेबालाही वेळ लागतो. 'वय झालं' म्हणून आपण सोडून देतो. पण पुष्कळदा त्यामागे मेंदूच्या पांढऱ्या भागाला वर्षानुवर्षं अपुरा पडलेला रक्तपुरवठा असतो.

पांढरा भाग म्हणजे मेंदूची तारांची जोडणी. लांबलांब तंतू, त्यांवर मायलिनचं स्निग्ध वेष्टण. हे वेष्टण घडवणाऱ्या पेशींना प्राणवायूची टंचाई सोसत नाही. त्यात खोलवर रक्त नेणाऱ्या धमन्या बारीक आणि लांब, पर्यायी वाटाही फारशा नाहीत. उच्च रक्तदाबाने त्यांच्या भिंती जाड झाल्या, की पाटाच्या शेवटच्या वाफ्याची होते तीच गत होते.

एमआरआयवर ही झीज पांढऱ्या डागांसारखी दिसते. पण डाग दिसतो तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून संशोधक रक्ताकडे वळले.

तंतूच्या आत न्यूरोफिलामेंट नावाचा प्रथिनांचा सांगाडा असतो. तंतू मोडला की त्यातला 'लाइट चेन' हा घटक मेंदूभोवतीच्या द्रवात सुटतो आणि तिथून किंचितसा रक्तात उतरतो. किती किंचित? मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! जुन्या चाचण्यांना एवढं बारीक मोजता येत नव्हतं. आता प्रथिनाचा रेणू सूक्ष्म मण्यावर पकडतात, प्रत्येक मणी इवल्याशा खळग्यात बसवतात आणि किती खळगे उजळले ते मोजतात. रेणू अक्षरशः एकेक करून मोजले जातात. मला हे आजही थक्क करतं.

मात्र एवढ्या एका आकड्यावरून निदान करू नये, असं मला ठामपणे वाटतं. तंतू तुटले एवढंच तो सांगतो. कुठे आणि कशाने, ते नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, डोक्याला मार, नुसतं वाढतं वय, यांनीही तो चढतो. मूत्रपिंड अशक्त असेल तरी चढतो. म्हणून जोडीला अल्झायमरकडे बोट दाखवणारं पी-टाऊ २१७ हे रक्तातलं प्रथिनही तपासावं लागतं. ते सामान्य आणि न्यूरोफिलामेंट वाढलेलं असेल, तर रक्तवाहिन्यांचा संशय बळावतो आणि एमआरआयवर काय शोधायचं ते कळतं.

कळून उपयोग काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट माइंड या अमेरिकेतल्या अभ्यासात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य घेतलं, तेव्हा डागांची वाढ मंदावली: सुमारे चार वर्षांत सरासरी १.४५ ऐवजी ०.९२ घन सेंटिमीटर. हा फरक दिसायला तेवढी वर्षं जावी लागली. रक्त मात्र दर काही महिन्यांनी तपासता येतं, आणि एकाच माणसाचे लागोपाठचे आकडे शेजारी ठेवले की उपचार लागू पडतोय का, याचा अंदाज पुढच्या एमआरआयची वाट न पाहता बांधता येईल, अशी आशा आहे.