डिस्प्ले येतच नाही, की येऊन जातो?

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, केबिनेटचं बटण दाबलं, फॅन फिरले, दिवे लागले, आणि मॉनिटर काळाच. पै पै साठवून घेतलेलं कार्ड असतं, त्यामुळे जीव वरखाली होतो आणि माणूस सुचेल तो उपाय करत सुटतो. ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम) टाकतो, विंडोज फॉरमॅट करतो, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला निघतो. यातले निम्मे उपाय त्याच्या पीसीला लागूच नसतात. ‘डिस्प्ले नाही’ या एकाच तक्रारीत दोन अगदी वेगळे बिघाड येतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

पहिल्या बिघाडात बटण दाबल्यापासून काहीच दिसत नाही. मदरबोर्डच्या कंपनीचा लोगोसुद्धा नाही. मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि स्लीपमध्ये जातो. दुसऱ्यात लोगो दिसतो, खालचे गोल फिरणारे ठिपके दिसतात, कधी गाडी पासवर्डपर्यंतही पोचते आणि मग डिस्प्ले जातो. म्हणून ‘का’ विचारण्याआधी ‘कधी’ विचारायचं.

हा फरक इतका महत्त्वाचा का, ते पीसी सुरू कसा होतो यावरून कळतं. बटण दाबल्यावर आधी जागा होतो तो बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच असलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम. तो प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तपासतो, कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये असलेला छोटा प्रोग्रॅम वाचतो आणि त्याच्या जोरावर साधं चित्र दाखवतो. इथवर ड्रायव्हरचा काहीच संबंध नसतो. ड्रायव्हर असतो तुमच्या एसएसडीवर, विंडोजच्या आत, आणि विंडोज सुरू झाल्यावरच तो कार्डाचा ताबा घेतो. त्यामुळे कंपनीचा लोगोच येत नसेल तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. उलट, लोगो स्वच्छ दिसला आणि ताबा बदलण्याच्या क्षणी स्क्रीन काळी झाली, तर कार्ड, केबल आणि वीजपुरवठा निदान चित्र उमटवण्याइतके तरी शाबूत आहेत. मग संशय आधी ड्रायव्हरवर घ्यायचा.

मात्र डोळ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. बरेच मॉनिटर जागे व्हायला काही सेकंद घेतात आणि फास्ट बूट (पीसी लवकर सुरू करणारी सेटिंग) चालू असेल तर तेवढ्यात लोगो येऊन गेलेला असतो. तुम्हाला वाटतं काहीच आलं नाही. खात्री करायची तर पीसी चालू करताच डिलीट किंवा एफ२ सारखं दाबत राहा. बायोसची स्क्रीन उघडली आणि तिथेच टिकून राहिली, तर तुमचा बिघाड दुसऱ्या प्रकारचा आहे. काहीच उघडलं नाही तर कीबोर्डवरचं नम लॉक दाबून पाहा. दिवा दर वेळी लागतो-विझतो आहे का? तसं असेल तर मशीन आत जिवंत आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. दिवा हलतच नसेल तर मशीन त्याआधीच कुठेतरी अडकलं आहे.

आता पहिला प्रकार. यात सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे केबल मदरबोर्डच्याच पोर्टात राहिलेली असते. केबिनेटच्या मागे वरच्या बाजूला उभे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. मॉनिटर कार्डाच्या पोर्टालाच जोडायचा. इंटेल आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांसारख्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे त्यांच्या बोर्डावरचा एचडीएमआय कधीच चित्र देणार नाही. ५६००जीमध्ये ते असतं, पण कार्ड बसल्यावर बरेच बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपणहून बंद करतात. काल ज्या पोर्टातून चित्र येत होतं ते आज मुकं होतं आणि लोक नव्या कार्डाला नावं ठेवतात. मॉनिटरच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलं आहे का, हेही त्याच वेळी बघा. एचडीएमआयवरून डिस्प्लेपोर्टवर आलात तर काही मॉनिटर स्वतःहून बदलत नाहीत.

दुसरं कारण विजेचं, आणि इथे जरा थांबून नीट बघायला हवं. कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसतं त्या पीसीआयई स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं कार्ड आहे, म्हणजे एकट्या स्लॉटवर ते चालणार नाही, केबल लावावीच लागते. गंमत अशी की केबल न लावताही कार्डाचे फॅन फिरू शकतात, त्यामुळे कार्डाला वीज मिळते आहे असं वाटतं. एनव्हिडियाची काही कार्डं अशा वेळी काळ्या स्क्रीनवर चक्क लिहून दाखवतात की पीसी बंद करा आणि पॉवर केबल जोडा. काही कार्डांवर कनेक्टरशेजारी छोटा लाल दिवा लागतो.

एसएमपीएसमधून ८ पिनच्या दोन तऱ्हेच्या केबल निघतात आणि लांबून त्या सारख्या दिसतात. हातात घेऊन बघा. एक दुभंगते ती ४ आणि ४ अशी, ती प्रोसेसरची. दुसरी दुभंगते ती ६ आणि २ अशी, ती कार्डाची. प्लॅस्टिकच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे चुकीची केबल सहज जात नाही. जोर लावून ती बसवू नका, कारण दोन्हींत १२ व्होल्ट आणि अर्थिंगच्या (ग्राउंडच्या) जागा उलटसुलट आहेत. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा एसएमपीएस असेल तर जुन्या युनिटची केबल नव्याला वापरू नका. कार्डाकडचं टोक सारखंच असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाला कंपनीगणिक पिनांची मांडणी बदलते. कार्ड आणि डिस्क जळण्याचा हा खरा धोका आहे.

मग कार्ड नीट बसलं आहे का ते बघा. स्लॉटच्या टोकाशी असलेली क्लिप ‘टक’ करून वर आली पाहिजे. स्वस्त केबिनेटची मागची पट्टी थोडी वाकडी असते, आणि स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक केसभर वर उचललं जातं. डोळ्यांना ते दिसतही नाही. स्क्रू ढिला करून कार्ड दाबून बसवा आणि पुन्हा हलकेच आवळा. कार्ड घालताना हाताचा धक्का लागून रॅम हलते, हेही नेहमी होतं. मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतील तर त्यांच्याकडे बघा. व्हीजीएचा दिवा लागून राहिला तर अडचण कार्डाची, डीरॅमचा राहिला तर आधी रॅम काढून घट्ट बसवा. हे दिवे असताना अंदाजाने सुटे भाग बदलत बसणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

एवढं करूनही अंधारच असेल तर बायोस रीसेट करा. पीसी पूर्ण बंद, प्लग काढलेला, आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर. सेकंडहँड घेतलेलं खूप जुनं कार्ड असेल तर एक निराळी शक्यता असते. त्याच्या चिपमध्ये यूईएफआयसाठीचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोससाठीचा प्रोग्रॅमच नसतो, आणि बोर्डात सीएसएम (जुन्या पद्धतीला सांभाळून घेणारी सेटिंग) बंद असेल तर असं कार्ड सुरुवातीला काहीच दाखवत नाही. कार्ड उभं लावणाऱ्या रायझर केबलचंही तसंच. केबल पीसीआयईच्या जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीची आणि कार्ड जेन ४ चं असेल तर बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर आणावा लागतो. त्यासाठी कार्ड आधी सरळ बोर्डातच लावा, म्हणजे बायोस दिसेल.

दुसऱ्या प्रकारात स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. लोगो आला आणि मग काळं झालं, तर सगळ्यात आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि कधी कधी तेवढ्यानंच चित्र परततं. अंगभूत ग्राफिक्स चालू असेल तर विंडोज दुसऱ्याच पोर्टावर चित्र पाठवत असण्याची शक्यता असते. विंडोज आणि पी दाबून, खालच्या बाणाने पर्याय बदलून, एंटर मारून बघा.

यानेही काही झालं नाही तर सेफ मोड. स्क्रीन दिसत नसताना तिथे पोचायचं असं: विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून पीसी बंद करा, आणि असं दोन-तीनदा करा. विंडोज स्वतःच रिपेअरच्या निळ्या स्क्रीनवर येतं. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर मध्येच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाईल. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मोबाईलमधून बघता येते. कार्ड बदलायच्या आधीच ती कागदावर लिहून ठेवा, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

सेफ मोडमध्ये कंपनीचा ड्रायव्हर चालत नाही, विंडोजचा साधा ड्रायव्हर चालतो. म्हणून ही पायरी बिघाड सुधारते आणि ओळखूही देते. इथे स्क्रीन व्यवस्थित टिकली तर कार्ड बहुतेक ठीक आहे आणि भांडण ड्रायव्हरचं आहे. जुन्या एएमडी कार्डाच्या जागी एनव्हिडियाचं आलं किंवा उलट झालं, तर मागच्या ड्रायव्हरचे अवशेष उरतात. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, ते साफ करतो. तो चालवताना नेट बंद ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर विंडोज अपडेट आपल्या मनाने भलताच ड्रायव्हर टाकून मोकळा होतो. नवा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि नवा म्हणजे चांगलाच असं समजू नका. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिका आल्यावर अनेकांची स्क्रीन काळी पडत होती आणि एनव्हिडियाला पुढच्या ड्रायव्हरांतून दुरुस्त्या द्याव्या लागल्या. त्या महिन्यांत कित्येकांनी धडधाकट कार्ड खराब समजून डोक्याला हात लावला असेल.

दोन ठिकाणी हा ‘कधी’चा नियम फसवतो, ती माहीत असलेली बरी. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेच्या कार्डांना डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ चा मॉनिटर जोडला, तर विंडोज येईपर्यंत स्क्रीन काळी राहू शकते आणि मग चित्र येतं. हा पहिल्या प्रकारासारखा दिसतो, पण कार्ड नीट बसलेलं असतं. कंपनीने त्यासाठी २०१८ मध्ये फर्मवेअर अपडेट दिलं होतं. ते टाकेपर्यंत एचडीएमआयवर काम भागतं. म्हणून काळी स्क्रीन बघून लगेच प्लग खेचू नका, दोन मिनिटं थांबा.

दुसरी फसगत उलट दिशेची. विंडोज छान चालतं, यूट्यूब चालतं, गेम उघडला की स्क्रीन काळी आणि कार्डाचे फॅन जोरात घोंघावायला लागतात. डिस्प्ले येऊन जातो म्हणून ड्रायव्हरवर संशय जातो, पण इथे बहुधा वीज कमी पडलेली असते. डेस्कटॉपवर कार्ड थोडेच वॅट घेतं, गेममध्ये पूर्ण घेतं. आरटीएक्स ३०८० असेल तर ३२० वॅट. अशा कार्डाला एकाच केबलची दोन तोंडं न लावता एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल आणा. याउलट स्क्रीन क्षणभर काळी होऊन लगेच परत आली, तर ते वेगळं. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं, त्याची ती खूण. आणि अख्खा पीसीच बंद पडत असेल तर यूपीएसही तपासा. घराघरांत असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि मोठं कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून तो आकडा सहज ओलांडतात.

दुकानात कार्ड परत न्यायच्या आधी ते मित्राच्या पीसीत लावून बघा, आणि त्याचं चालणारं कार्ड तुमच्या पीसीत. मग दुकानदाराला ‘डिस्प्ले नाही’ एवढंच सांगू नका. लोगो येतो की नाही, बायोस उघडतो की नाही, सेफ मोडमध्ये टिकतो की नाही, व्हीजीएचा दिवा लागतो की नाही, हे चार मुद्दे बिलासोबत लिहून द्या आणि कार्डावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढून मगच ते त्याच्या हातात द्या.