उजेड झाकायचा की ताकद लपवायची? एका चिनी वाक्प्रचाराची पार्श्वभूमी

‘ताकद लपवा, संधीची वाट पाहा’ ही चीनची म्हण म्हणून मराठी लेखांत हमखास भेटते. आपल्याकडे ती इंग्रजीमार्गे आली. मूळ वाक्प्रचार चार अक्षरांचा: थाओ-क्वांग यांग-ह्वे. ‘थाओ’ म्हणजे धनुष्याची खोळ, त्यावरून झाकणं. ‘क्वांग’ म्हणजे उजेड, ‘यांग’ जोपासणं, ‘ह्वे’ अंधार. चांद्रमासाचा शेवटचा, बिनचंद्राचा दिवसही ‘ह्वे’च. म्हणजे आपली अमावास्या. उजेड झाकायचा, अंधार जोपासायचा. यात ताकद नाही आणि संधीही नाही. ‘झाकली मूठ’ आठवेल, पण ती रिकामीही असू शकते. इथे आत उजेड आहे हे गृहीत आहे.

1989 मध्ये तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडल्यावर चीनवर पाश्चात्त्यांचे निर्बंध आले, पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट सत्ता कोसळल्या. तेव्हा चीनचा ज्येष्ठ नेता डेंग शियाओपिंग याने वेगवेगळ्या बैठकांत सांगितलेलं (शांतपणे पाहा, पाय रोवा, पुढारपण घेऊ नका) पुढे एका सूत्रात ओवलं गेलं. एप्रिल 1992 मध्ये तो म्हणाला की आणखी काही वर्षं थाओ-क्वांग यांग-ह्वे करत काम केलं, तरच आपण खऱ्या अर्थाने मोठी राजकीय शक्ती होऊ. यामागे छुपा बेत असल्याच्या संशयाला जागा आहे, पण ती या वाक्याच्या उत्तरार्धात, वाक्प्रचारात नाही.

2002 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालात ‘क्षमता लपवा, वेळेची वाट पाहा’ अशा अर्थाचं भाषांतर छापलं गेलं आणि तेच रूढ झालं. डिसेंबर 2010 मध्ये एका वरिष्ठ चिनी मुत्सद्द्याला लेख लिहून सांगावं लागलं की हा कट नव्हे. तोवर उशीर झाला होता. पित्त चाखत सूडाची तयारी करणाऱ्या आणि इसवीसनपूर्व 473 मध्ये शत्रूचं राज्य बुडवणाऱ्या, प्राचीन चीनमधल्या युए राज्याच्या राजाची गोष्टही याला जोडली जाते; तिचा वाक्प्रचार मात्र वेगळाच आहे.

जुने धागे दोन. ‘थाओ-क्वांग’ सहाव्या शतकातल्या एका प्रस्तावनेत येतं: संत आपलं तेज झाकतात. ‘यांग-ह्वे’ची मुळं चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहातल्या एका युद्धस्तोत्रात आहेत. तिथे भाष्यकारांचंच एकमेकांशी जमत नाही: एक म्हणतो राजाने अंधाऱ्या काळात माघार घेऊन स्वतःला जोपासलं; त्याहून जुना म्हणतो ‘यांग’ म्हणजे हस्तगत करणं, राजाने अंधारलेली राजवट घेतली. चीनच्या ‘तीन राज्यां’च्या काळावरच्या जुन्या कादंबरीत तर नायक परसात भाजीला पाणी घालतो, यजमानाला वाटावं की याला काही महत्त्वाकांक्षा नाही. हे सरळ सरळ लपवणंच.

ऑक्टोबर 2013 च्या शेजारी देशांविषयीच्या बैठकीपासून सरकारी भाषेत ‘फन-फा यौ-वेइ’, म्हणजे झटून काही करून दाखवणं, पुढे आलं. ‘काहीतरी करून दाखवा’ हे जुन्या सूत्राच्या शेपटालाही होतं. तेव्हा त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.