एकाच मजल्यावरच्या दोन पाट्या: आरोग्यदायी सवयी आणि समाजकार्य यांची पार्श्वभूमी

सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक’ आणि ‘समुपदेशक’ अशा दोन पाट्या पुष्कळदा एकाच मजल्यावर आढळतात. दोन्ही टेबलांमागची माणसे बहुधा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेऊनच आलेली असतात. मात्र पहिले पद आस्थापनेवरचे, म्हणजे कायम, असते आणि दुसरे कंत्राटी. पहिल्याकडे कागदपत्रांसाठी रांग लागते, तर दुसऱ्याकडे सवयी बदलण्यासाठी रुग्ण पाठवले जातात. व्यसन सोडणे, नेमाने औषध घेणे, सुरक्षित संबंध ठेवणे या गोष्टी लोकांना कोणी आणि कशा सांगायच्या, याबाबतच्या आजच्या घोळाचा बराचसा उलगडा या दोन पाट्यांच्या इतिहासातून होतो.

मुंबईत नागपाड्याला १९३६ साली समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण सुरू झाले आणि दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, भायखळ्याच्या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवेचे देशातील पहिले पद भरले गेले. मूळ कल्पना साधी होती. क्षयाचा रुग्ण ज्या खोलीत परत जातो तिथे दहा माणसे दाटीवाटीने झोपत असतील, तर ‘मोकळ्या हवेत राहा, सकस खा’ हा सल्ला कागदावरच राहतो. म्हणून कोणीतरी त्या खोलीपर्यंत जाऊन यायला हवे. गृहभेट हे या कामाचे मुख्य साधन होते आणि सल्ल्याची पाळी तिच्यानंतर येत असे.

कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाने हा क्रम उलटा केला. १९५२ पासून चाललेल्या या कार्यक्रमात पुढे उद्दिष्टांचे आकडे आले, ‘केस आणणे’ (नसबंदीसाठी माणूस आणणे) ही भाषा रूढ झाली आणि १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करण्यापर्यंत मजल गेली. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे तो कायदा अमलात आला नाही, परंतु आरोग्याचा निरोप घेऊन दारात येणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय मागे राहिली. याच्या नेमकी उलट वाट नगर जिल्ह्यातल्या जामखेडमध्ये १९७० पासून चोखाळली जात होती. तिथे गावातल्याच, बहुतांशी अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांच्यावर गावाची जबाबदारी सोपवण्यात आली. २००५ मध्ये दर हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती नेमण्याचे ठरले, त्याच्या मागे हा आणि असेच काही जुने अनुभव होते.

समाजकार्याची खरी कसोटी मात्र एचआयव्हीच्या साथीत लागली. देशात १९८६ साली पहिला संसर्ग आढळला आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लस नव्हती आणि सामान्यांच्या आवाक्यातले औषधही नव्हते, तेव्हा माणसाने आपले वागणे बदलणे एवढाच उपाय हाती उरला होता. सांगलीत त्याच सुमारास देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये निरोधवाटपाचे काम सुरू झाले आणि पुढे त्या स्त्रियांनीच ते हाती घेतले. एकट्या बाईला ‘वर्तन बदल’ असे सांगून तिथे काही साधणार नव्हते, कारण निरोध वापरायचा की नाही हे गिऱ्हाईक आणि कुंटणखान्याची मालकीण ठरवत असे. एकीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाई. सगळ्यांनी मिळून दिला तरच तो नकार टिकत असे. आरोग्यदायी वर्तन ही एकट्याच्या निर्धाराची बाब नसते, हे समाजकार्याचे जुने म्हणणे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

एचआयव्ही चाचणी केंद्रांचे जाळे उभारताना घेतलेला निर्णय मात्र वेगळ्या दिशेचा होता. प्रत्येक केंद्रावर चाचणीपूर्व आणि चाचणीपश्चात समुपदेशनासाठी ‘समुपदेशक’ हे नवे कंत्राटी पद निर्माण झाले, आणि समाजकार्याबरोबरच मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा शाखांचे पदव्युत्तर उमेदवारही त्यासाठी पात्र ठरवले गेले. थोड्या काळात पुष्कळ माणसे हवी होती, हे या निर्णयाचे समर्थन रास्तच आहे. संमती आणि गोपनीयता हे दोन शब्द सरकारी रुग्णालयात रुजले तेही बऱ्याच अंशी याच समुपदेशकांमुळे. पण पदाचे नाव बदलले तसे कामही बदलले. समुपदेशक खोलीत बसू लागला आणि घरापर्यंत जाण्याचे काम स्वयंसेवी संस्थांच्या, त्याहून कमी मानधनावरच्या आउटरीच (वस्त्यांत फिरणाऱ्या) कार्यकर्त्यांकडे गेले.

एप्रिल २००४ मध्ये एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या उपचारांची, औषधे मोफत मिळू लागल्यावर ही फाळणी ठळक झाली. पंच्याण्णव टक्के मात्रा वेळेवर घेतल्या पाहिजेत, हे खोलीत बसून समजावता येते. परंतु बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास कारखान्याकडे निघाला की चार-पाच महिने परतत नाही. गोळ्यांची बाटली टोळीतल्या लोकांना दिसू नये म्हणून तो ती कुठे ठेवतो, हे फडावर गेल्याशिवाय कळत नाही. नोंदवहीत मात्र असा माणूस ‘एलएफयू’ (लॉस्ट टू फॉलो-अप, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेला) या तीन अक्षरांत संपतो.

शब्दांचा गुंता याहूनही खोल आहे. ‘समाजसेवक’ हा शब्द रुग्णालयापेक्षा चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवरच अधिक दिसतो, आणि त्या फलकांवरील समाजसेवकाला कोणतीही पदवी लागत नाही. शिक्षणक्षेत्राने ‘समाजकार्य’ हा शब्द रुजवला, तर सरकारी पदनामांत ‘समाजसेवा’च राहिली. राज्यातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालये सामाजिक न्याय खात्याच्या अखत्यारीत येतात आणि रुग्णालयांतील पदे आरोग्य व वैद्यकीय शिक्षण खात्यांच्या. त्यामुळे शिकवले काय जाते आणि नेमणूक कशासाठी होते, याचा मेळ घालण्याची जबाबदारी कोणा एकाकडे नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने वैद्यकीय समाजकार्यकर्त्याला मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत स्थान दिले, ही उशिरा का होईना झालेली चांगली गोष्ट. त्याच यादीत एचआयव्ही समुपदेशक, कुटुंबनियोजन समुपदेशक आणि आरोग्यशिक्षक यांची नावे मात्र त्याच्यापासून वेगळी आहेत. प्रशासनाने सोयीसाठी पाडलेली फाळणी अशा रीतीने कायद्याच्या परिशिष्टातही उतरली.

दरम्यान पहिल्या पाटीखालचे काम योजनांनी व्यापले. धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा, जनआरोग्य योजनेची मंजुरी, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड पिवळे की केशरी, यातच समाजसेवा अधीक्षकाचा दिवस जातो. गुटख्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, परंतु तंबाखूची पाने घरच्या तव्यावर भाजून केलेल्या मशेरीपर्यंत ती पोहोचत नाही. मशेरी लावली की भूक मरते, असे शेतमजूर बायका उघडपणे सांगतात. अशा बाईला मशेरी सोडण्याचा सल्ला दुसऱ्या पाटीखाली मिळतो आणि मासिक अहवालात एक समुपदेशन वाढते. तिच्या भुकेशी ज्याचा संबंध आहे ते रेशनकार्ड तपासले जाते पहिल्या पाटीखाली, आणि तेही शस्त्रक्रियेच्या मंजुरीपुरतेच.