जनरेटर सुरू होईना? प्लगच गेला असं नाही

परभणी-बीडकडं लग्नाच्या मंडपात छोटा पेट्रोल जनरेटर रुसला की हमखास ऐकू येतं, ‘प्लग गेला, नवा टाका.’ दरवेळी प्लग नसतो हो! महिनोन्‌महिने टाकीत पडलेलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, बारीक भोक बुजवतं. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते ओल धरतं. चोक (हवा कमी करणारी कळ) दिल्यावर इंजिन चालतं आणि चोक काढला की मरतं, तर आधी जेटवर संशय घ्या. जुनं पेट्रोल काढा, जेट साफ करा.

ऑइल कमी असलं तरी बऱ्याच मशिनी सेन्सरमुळं सुरूच होत नाहीत. बांधावर तिरका ठेवला तरी तेच.

ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटर रिकामा होतो.