दाहक आंत्ररोगातील पोटदुखी आणि मेंदूचे कार्य

क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे दाहक आंत्ररोगाचे, म्हणजे आयबीडीचे, दोन मुख्य प्रकार. दोन्हींत पोट दुखते. आतड्याची सूज, व्रण, क्रोन्समध्ये अरुंद झालेला आतड्याचा भाग ही त्याची उघड कारणे होत. मात्र दाह ओसरल्यावरही अनेकांचे दुखणे थांबत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, आजार शांत असलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये आयबीएससारखी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे दाह नसतानाही पोट दुखणे आणि शौचाच्या सवयी बिघडणे) लक्षणे आढळली. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत’ असे सांगितले जाते. ते चुकीचे आहे आणि अन्यायाचेही.

दाहाच्या काळात आतड्याच्या भिंतीतील प्रतिकारपेशींमधून हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन, सायटोकाइन अशी द्रव्ये स्रवतात. त्यांच्यामुळे तिथले संवेदी चेतातंतू हळवे होतात आणि एरवी जाणवलाही नसता असा वायूचा ताण कळ उठवू लागतो. दाह गेला तरी हा हळवेपणा मागे राहू शकतो. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूतील थॅलॅमसकडे आणि पुढे इन्सुला व अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागांकडे जातो. शरीराच्या आत काय चालले आहे याची जाणीव इन्सुलाशी निगडित आहे, तर दुखण्यातला नकोसेपणा बऱ्याच अंशी सिंग्युलेटशी.

वाहतूक उलट दिशेनेही चालते. मध्यमेंदूतील पेरिअ‍ॅक्वेडक्टल ग्रे या भागातून खाली जाणारे मार्ग मज्जारज्जूतच वेदनेचा संदेश दाबू किंवा वाढवू शकतात. अपुरी झोप, चिंता, पुन्हा आजार उफाळण्याची धास्ती यांचा परिणाम याच यंत्रणेवर होतो. म्हणून ताणाच्या दिवसांत वाढणारी पोटदुखी काल्पनिक ठरत नाही.

मेंदूच्या प्रतिमांवरून याला आधार मिळाला आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००५ मध्ये गुदाशयात फुगा फुगवून मेंदूचे कोणते भाग सक्रिय होतात हे दाखवणारे पेट स्कॅन घेतले. आयबीएसच्या रुग्णांत भावनांशी संबंधित भाग अधिक सक्रिय दिसले; कोलायटिस शांत असलेल्यांचा प्रतिसाद मात्र निरोगी व्यक्तींच्या जवळचा होता. म्हणजे वर्षानुवर्षे दाह सोसूनही काहींचा मेंदू वेदनेला आवर घालतो. जर्मनीतील एर्लांगेनच्या गटाने २०१५ मध्ये क्रोन्सच्या रुग्णांचा अभ्यास केला. टीएनएफविरोधी औषध (दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारे) दिल्यावर पोटातील वेदनेला मेंदूचा प्रतिसाद झपाट्याने घटल्याचे एफएमआरआय या मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या स्कॅनमध्ये दिसले. असे अभ्यास मोजक्या रुग्णांवरचे असतात. एकट्या रुग्णाचे निदान अशा स्कॅनवरून होत नाही.

उपचार ठरवताना आधी मलातील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्यातील दाह दर्शवणारे प्रथिन), रक्ततपासणी आणि गरजेनुसार कोलोनोस्कोपी किंवा स्कॅन करून दाह, अडथळा, गळू नाही ना, हे पाहावेच लागते. भारतात आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसू शकतो, त्यामुळे ही पायरी इथे अधिक नाजूक आहे. दाह नसेल तर अमिट्रिप्टिलिनसारखे मूळचे नैराश्यावरचे औषध कमी मात्रेत, बोधात्मक वर्तनोपचार किंवा आतड्यावर केंद्रित संमोहनोपचार यांचा विचार होतो. त्यांचे बरेचसे पुरावे आयबीएसच्या अभ्यासांतून आले आहेत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आजार चाळवू शकतो, म्हणून त्या शक्यतो टाळतात. अफूजन्य वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास आतड्याची हालचाल मंदावते आणि काहींत दुखणे उलट वाढते.