नागपूरचा सीमापट्टा : पर्यावरण शिक्षण व आरोग्यसोयी

नागपूर जिल्ह्यातील नरखेड, सावनेर, पारशिवनी व रामटेक हे तालुके मध्य प्रदेशाला लागून आहेत. या पट्ट्यातील गावांना पाणी, जंगल, कीटक आणि फवारणीची औषधे यांच्यापासून होणाऱ्या आजारांची माहिती करून देणे आणि त्यांवर उपचार मिळवून देणे, असे या विषयाचे दोन भाग आहेत. सरकारी कागदांत शिक्षण एका खात्याकडे आणि दवाखाना दुसऱ्याकडे असला, तरी गावपातळीवर ते वेगळे काढता येत नाहीत. म्हणून येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

१९५६ पर्यंत नागपूर, छिंदवाडा, सिवनी व बालाघाट एकाच राज्यात (आधी मध्य प्रांत, १९५० पासून मध्य प्रदेश) होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा येथे आजही घरोघरी मराठी बोलली जाते; २०२३ मध्ये या भागाचा छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. सोयरीक, संत्र्याचा व्यापार आणि दवाखाना या तिन्ही गोष्टींसाठी लोक अजून नागपूरचाच रस्ता धरतात. पलीकडचा रुग्ण ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ एवढेच म्हणतो. मेडिकल म्हणजे १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय; मेयो म्हणजे आजचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

पाणी वरून, म्हणजे सातपुड्यातून येते. पेंच, कन्हान आणि कन्हानला मिळणारी जाम या नद्या मध्य प्रदेशातून जिल्ह्याकडे वाहतात. छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवर माचागोरा धरण झाल्यावर नागपूरला पाणी देणाऱ्या, पेंचवरच्याच तोतलाडोह धरणात येणारा पाण्याचा ओघ घटला. २०१९ च्या जुलैत पावसाने ओढ दिली, तेव्हा नागपूर शहराला दिवसाआड पाणी घ्यावे लागले. शहराची बातमी झाली; गावांतील विहिरींची फारशी झाली नाही. संत्रा पट्ट्यात बागा जगवण्यासाठी बोअर खोल खोल जात राहिले आहेत.

पिण्याच्या पाण्याबाबत महाराष्ट्रात एक सोपी पद्धत आहे. ग्रामपंचायतीच्या जलस्रोतांची पावसाळ्याआधी व नंतर पाहणी होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. विहिरीजवळ उकिरडा आहे का, जलवाहिनी गटारातून जाते का, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा आहे का, हे त्यात पाहतात. पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही, हे गावचा जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीने तपासतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. टीसीएलचे पोते उघडे राहिले की त्यातले क्लोरीन उडून जाते, ही बाब मात्र अनेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. शाळेत ‘परिसर अभ्यास’ शिकवताना हीच चाचणी गावच्या टाकीवर करून दाखवली, तर निम्मा धडा तिथेच होतो. पर्यावरण शिक्षण सर्व टप्प्यांवर सक्तीचे करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला होता. पुस्तके त्यानंतर आली, पण प्रात्यक्षिक शिक्षकाच्या हौसेवर राहिले.

जंगलकाठच्या गावांत हा विषय ऋतूप्रमाणे शिकवावा लागतो. पेंच व्याघ्र प्रकल्प दोन्ही राज्यांत पसरलेला आहे. महाराष्ट्राच्या भागाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा १९९९ मध्ये मिळाला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे जंगलात जातात. खाली वाकून वेचणारा माणूस वाघाला लवकर ओळखू येत नाही, त्यामुळे याच काळात हल्ल्यांची भीती जास्त असते. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची सवय आहे आणि त्यातून वणवे लागतात. ‘आग लावू नका’ असा फलक वेचणाऱ्याच्या काही कामाचा नसतो. झाडाखाली जाळी अंथरली की पाला जाळावा लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळते, हे दाखवले तर तो ऐकतो. महाराष्ट्र शासनाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफर क्षेत्रातील, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातील, घरांना गॅस जोडणी देण्यामागेही असाच दुहेरी हिशेब आहे : सरपणासाठीची जंगलातली फेरी कमी होते आणि बाईच्या छातीत जाणारा चुलीचा धूरही. सिलिंडर भरायला पैसे नसले की हिशेब पुन्हा चुलीवर येतो, हेही खरे.

सर्पदंशाचे सर्वांत फसवे रूप मण्यारीचे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि वेदना फारशी होत नाही. भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, झाडफूक करण्यात गेलेला वेळ येथे जिवावर बेततो. मात्र भुमकाला गावात मान असतो. त्याची टिंगल करण्यापेक्षा त्यालाच रुग्ण आधी दवाखान्यात पाठवायला तयार करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कीटकजन्य आजारांच्या इतिहासात नागपूरचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. १९६५ मध्ये येथील तापाच्या रुग्णांत एक नवा विषाणू सापडला आणि चांदीपुरा या स्थळावरून त्याचे नाव पडले. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने अनेक मुलांचे बळी घेतले. तो वाळूमाशीमुळे पसरतो. ही माशी डासापेक्षा लहान असल्याने साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत शिरते. म्हणून हिवतापासाठी दिलेला सल्ला येथे अपुरा पडतो. मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपणे आणि शेणाचे ढीग घरापासून दूर ठेवणे आवश्यक असते. २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा विदर्भाबरोबर मध्य प्रदेशातील रुग्णही नागपुरात दाखल झाले. गवतातील सूक्ष्म किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप वेळेत ओळखला, तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो.

रुग्ण एका राज्यातला आणि रुग्णालय दुसऱ्या राज्यातले असले की, आजाराचे मूळ शोधताना वेळ जातो. २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि त्यांपैकी अनेकांना नागपुरात आणले गेले. सुरुवातीला पाण्याचेही नमुने तपासले गेले. दोष निघाला खोकल्याच्या औषधातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाचा, आणि तोवर अनेक बालके दगावली होती.

तपासणीची साधने शहरात आहेत. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी सुरू झालेल्या संस्थेला १९७४ मध्ये ‘नीरी’ (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) हे आजचे नाव मिळाले. पाणी, हवा आणि सांडपाणी यांवर ती काम करते. नागपूरच्या मिहान भागातील एम्स रुग्णालयाचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि त्याच दिवशी माणूस, जनावर व वन्यप्राणी यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची नागपुरात पायाभरणी झाली.