बडोद्याची पेटी आणि भाड्याची फाइल

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, मांडवीजवळ, पुस्तकांच्या कपाटांमधून वर चढलं की पायाखाली जाड काच लागते. लोखंडी कपाटांचे मजले एकावर एक रचलेले आणि मधली जमीन काचेची, म्हणजे उजेड झिरपत तळापर्यंत पोचावा. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास बिचकत पाऊल टाकतो. इमारत १९३१ची. फोटो सगळे त्या काचेचे काढतात, आणि काढावेत. मला मात्र तिच्या वीस वर्षं आधीच्या लाकडी पेट्यांचं जास्त कौतुक वाटतं. ई-पुस्तकांवरून ग्रंथालयांची आज जी ओढाताण चालली आहे, तिचं मूळ शोधायचं तर त्या पेटीपासूनच सुरुवात करावी लागते.

तिसऱ्या सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोरं शाळेत अक्षरं गिरवू लागली, पण शाळा सुटल्यावर गावात वाचायला काही नसेल तर चार वर्षांत सगळं विसरणार, ही धास्ती रास्त होती. महाराजांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं. बोर्डन तीन वर्षं राहिले. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपाल घडवणारा वर्ग सुरू झाला आणि गावोगावच्या वाचनालयांची घडी बसली. खर्चाचा हिशेब सोपा होता: एक तृतीयांश गावकऱ्यांनी जमवायचे, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचे, उरलेले सरकारचे. फुकट मिळालेल्या वाचनालयाला गाव जपत नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

जिथे वाचनालय नव्हतं तिथे पेटी जायची. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावात पोचायची, पुस्तकं हातोहात फिरायची, मग पेटी परत यायची आणि पुढच्या गावाला निघायची. ‘फिरतं वाचनालय’ हे नाव तिला शोभायचं.

पण पेटीत घालायचं काय? संस्कृत आणि इंग्रजी पुस्तकं ढीगभर होती, मात्र गुजराती-मराठीत शेती, आरोग्य, विज्ञान यांवर साध्या भाषेतली पुस्तकं फारच थोडी. इथे बडोद्याने जे केलं ते मला इमारतीपेक्षा मोठं वाटतं. १९१२ साली महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्यांच्या व्याजातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला निघाल्या, गुजरातीत आणि मराठीतही. पुस्तक बाजारात नसेल तर ते लिहवून घ्यायचं, छापायचं आणि पेटीत घालायचं. त्याच वर्षी ग्रंथालयांचं एक नियतकालिक निघालं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. आजच्या बडोदेकराला सांगितलं तर पटत नाही, पण राजवाड्यापासून कचेरीपर्यंत मराठी रुळलेली होती आणि मराठी साहित्य संमेलन १९०९ सालीच इथे भरलं होतं.

ही सगळी यंत्रणा एका साध्या गोष्टीवर उभी होती. पुस्तक विकत घेतलं, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक पडला, की ते ग्रंथालयाचं झालं. मग ते पेटीत घाला, शंभर जणांना द्या किंवा फाटलं तर बांधून घ्या. कुणाला विचारायची गरज नव्हती.

ई-पुस्तकाने हीच गोष्ट काढून घेतली. ग्रंथालयाला फाइल मिळत नाही, वापरायचा परवाना मिळतो. २०११ साली अमेरिकेत हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशन संस्थेने ठरवलं की एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. २०१९ साली मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने आणखी कडी केली: नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत, मग ती व्यवस्था कितीही मोठ्या शहराची असो. ग्रंथालयांनी आरडाओरडा केला, काहींनी बहिष्कारही टाकला, आणि मार्च २०२०मध्ये ही अट मागे घ्यावी लागली. आपल्याकडच्या छापील प्रतीचं स्कॅन करून एका वेळी एकालाच द्यायचं, अशी वाट इंटरनेट अर्काइव्ह या अमेरिकेतल्या ऑनलाइन ग्रंथालयाने काढली होती. ती न्यायालयात टिकली नाही. २०२३चा निकाल २०२४च्या अपिलातही कायम राहिला.

या ओढाताणीतून एक वाट आधीच निघाली होती, ती बडोद्याच्या माणसाला ओळखीची वाटावी. कोलोरॅडोमधल्या डग्लस काउंटीच्या ग्रंथालयांनी २०१२च्या सुमारास मोठ्या प्रकाशकांच्या दारात ताटकळणं सोडलं. स्वतःची यंत्रणा उभी केली आणि छोट्या प्रकाशकांकडून, स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकांकडून फाइली थेट विकत घेतल्या, आपल्या मालकीच्या. लेखकाला वाचक हवा होता आणि ग्रंथालयाला पुस्तक. सौदा जमला.

मराठीत हे इतकं सरळ नाही. अॅमेझॉनच्या किंडलवर, म्हणजे ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी पुस्तकं रीतसर यायला २०१६चा डिसेंबर उजाडला. त्याआधीची बरीचशी मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेली, त्यांची फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, उघडली की अक्षरांचा नुसता काला. आणि जे लेखक आज थेट किंडलवर पुस्तक टाकतात, त्यांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागत नाही. भारतात तो फुकट मिळतो, तरी अनेक जण घेत नाहीत. प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पुस्तक पाठवलं पाहिजे, असं सांगणारा कायदा १९५४चा, छापील प्रती डोळ्यांपुढे ठेवून केलेला. त्यामुळे फक्त फाइलीत असलेलं पुस्तक कुठल्याच कपाटात जात नाही, आणि उद्या खातं बंद झालं की संपलं.

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी असंच पुस्तक काढलं, माहेरच्या आठवणींचं. दांडिया बाजाराकडच्या एका लहान मराठी वाचनालयात त्या मोबाइल घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हे तुमच्याकडे ठेवून घ्या की.” ग्रंथपालांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. “काकू, ठेवू कुठे? याला दाखल क्रमांक कसा देऊ?” बाई घरी आल्या, नातवाकडून फाइल काढून घेतली, झेरॉक्सवाल्याकडे छापली आणि स्पायरल बांधून परत नेऊन दिली. आता तिच्यावर दाखल क्रमांक आहे. आत मागे चिकटवलेल्या, परतीच्या तारखांच्या चिठ्ठीवर मी गेल्या महिन्यात पाहिलं तेव्हा सात शिक्के पडले होते.